आठाचे सोळा

एके काळी लॅपटॉप पालथा घालून दोन स्क्रू काढले की रॅमची पट्टी समोर दिसायची. दोन्ही बाजूंचे चिमटे सरकवले की ती टुणकन वर उठायची. नवी पट्टी तिरकी खोचून दाबायची, ‘टक्’ असा आवाज आला की काम फत्ते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे सारं चहा निवायच्या आत व्हायचं.

मग लॅपटॉपांना बारीक व्हायचं वेड लागलं. २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये अ‍ॅपलने रॅम थेट मदरबोर्डवरच झाळून टाकली. कारण अगदीच खोटं नव्हतं: प्रोसेसरला चिकटून बसलेली मेमरी जागा वाचवते, वीजही कमी खाते. पण त्याबरोबर गिऱ्हाइकाचा हातही बांधला जातो, हा योगायोग कंपनीच्या तिजोरीला भलताच मानवला. आठ जीबी जास्त हवे? मोजा दोनशे डॉलर, तेही खरेदीच्या वेळीच.

२०२३ मध्ये अ‍ॅपलचे उपाध्यक्ष बॉब बोर्चर्स यांनी सांगितलं की, आमचे आठ म्हणजे इतरांचे बहुधा सोळाच. पुढच्याच ऑक्टोबरात मॅकबुक एअरची सुरुवात त्याच किमतीत सोळापासून झाली. पाढा बदलला, किंमत नाही!

२०२४ च्या थिंकपॅड पी१ मध्ये तर एलपीकॅम२ नावाची नवलाई आली. नवलाई कसली? रॅम स्क्रू काढून बदलता येते.

तेव्हा लॅपटॉप घेताना रंग नंतर पाहा. माहितीपत्रकात रॅमपुढे ‘ऑनबोर्ड’ किंवा ‘सोल्डर्ड’ लिहिलंय का, ते आधी वाचा.