कर्ज काढून पर्यावरण

‘अमेरिकेत एमएस’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘कॉम्प्युटर्स ना?’ ‘नाही, सस्टेनेबिलिटी’ असं उत्तर आलं की काकांचा चेहरा असा होतो, जणू पोराने झाडांना पाणी घालायला घर गहाण टाकलंय.

तिथे मात्र विषय तेजीत आहे. स्टॅनफर्डने २०२२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र स्कूलच काढलं. गुंतवणूकदार जॉन डोअर यांनी १.१ अब्ज डॉलर दिले, दारावर त्यांचं नाव लागलं. पहिले डीन अरुण मजुमदार यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, तेल-वायू कंपन्यांचे पैसेही चालतील. बरोबरच आहे, व्यसनमुक्ती केंद्राने गुत्तेवाल्याशी वैर कशाला घ्यायचं?

अशा स्कूलचा देशातला पहिला मान मात्र ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचा, २००६ सालचा. तोही फीनिक्सला खेटून, जिथे २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३ अंश सेल्सिअसच्या वर होतं. प्रात्यक्षिकाची सोय दाराशीच! वाळवंटात गोल्फची मैदानं हिरवीगार, आणि तापमानवाढ शिकायची ती एसीत.

आपला विद्यार्थी (विमानानेच गेलेला) कार्बनचा हिशेब भराभर शिकतो. रात्री जागून करतो तो हिशेब वेगळा: पदवीनंतरच्या वर्षभराच्या कामाच्या परवानगीला आणखी २४ महिने जोडून मिळतील का?

जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी पॅरिस हवामान करारातून दुसऱ्यांदा अंग काढून घेतलं. घरून लगेच फोन, ‘त्याचा तुझ्या व्हिसाशी काही संबंध नाही ना रे?’