मोर्णेच्या घाटावर

"काय वं मंदा, दोन दिवस दाराले कुलूप! कुठी गेलती?"

"अकोल्याले, नणदेकडे. या काकू, अशा कुंपणापाशी या. मेथी निवडता निवडता सांगतो."

"नणदेकडून आली अन् हासून राह्यली?"

"आयका तं. सांजच्याले म्हणे, चाल वहिनी, मोर्णेवर बसू. म्या म्हटलं, नदीवर कोणी हवा खायले जाते का बाई! आपल्या अंबा नाल्यावून जातानी पदर नाकाशी राह्यते. पण गेली. घाटाच्या पायऱ्यायवर लेकरं खेयत होते, म्हातारे गप्पा हानत होते, एक जण फुटाणे इकत होता. बरं वाटलं, खोटं काऊन बोलू?"

"पाणी कसं होतं?"

"पाणी कायंच. गंगा थोडीच हाय! कडंकडंनं जलकुंभी पुन्हा हायच. पण नणद अशी बोट दाखोते, जशी नदीचा सातबारा तिच्याच नावावर. इथून तं तिथलोक आमी साफ केलं, म्हणे."

"कवा?"

"2018 च्या 13 जानेवारीले, ऐन भोगीच्या दिवशी. सहा हजारावर माणसं, दोन्ही काठांवर चवदा ठिकाणी, चार किलोमीटर. मोदीनं 'मन की बात'मंधी सांगतलं ना ते! जेवतानी एक डाव सांगतलं तिनं, हातरुण टाकतानी एक डाव, अन् ठेसनावर सोडाले आली तवा आणखी एक डाव."

"अन् गाडगेबाबाची समाधी आपल्या अमरावतीत! खराटा आपला, नाव त्यायचं?"

"म्याबी हेच म्हटलं. तं म्हणते, समाधीले फुलं वाह्यता वहिनी, खराटा कोण उचलते? घ्या! गाडगेनगरावून रोज भाजी आणतो मी, काय बोलू?"

"तोंडाची मोठी फटकय हाय तुही नणद."

"आयका, गम्मत पुढं हाय. म्हणे, श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी ये, कावड पाह्यले. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी पोट्टे खांद्यावर आणतात, पायी, राजेश्वराच्या अभिषेकाले. म्या इचारलं, काऊन वं बाई, मोर्णा तं गावातच हाय, मंग देवाले पाणी पूर्णेचं काऊन?"

"अग माय! मंग?"

"मंग काय! उठली पायरीवून. म्हणे, चाल वहिनी, डास लय झाले."