दीड इंचाची कटकट

ऑर्केस्ट्रातला बेस गिटारवाला म्हणजे लग्नात नवरीच्या पाठीशी उभा राहणारा मामा. असतो तेव्हा त्याच्याकडे कुणी बघत नाही, नसला की भटजींसकट सगळे हाका मारत सुटतात. आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवायचे. गाणी आपल्याला तोंडपाठ, वाझ यांचं नाव विचारा, अख्खी मैफल गप्प. आमच्या कल्याणजवळच्या मोहन्यात तर परिस्थिती आणखी बिकट. हळदीच्या छोट्या कार्यक्रमात कीबोर्डवाल्याचा डावा हातच बेसचं काम उरकून टाकतो. त्यामुळे यजमान मला मानधनाचा आकडा सांगण्याआधी एकदा त्या हाताकडे बघून घेतात.

अशा उपेक्षित वाद्यातही त्याहून उपेक्षित असा एक भाग असतो, तो म्हणजे नट. गिटारच्या मानेच्या वरच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे, हाडाची किंवा प्लॅस्टिकची एक आडवी पट्टी असते. तिला चार खाचा, प्रत्येक खाचेत एक तार. लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हा कंप पावणाऱ्या तारेची लांबी ३४ इंच ठेवली. बहुतेक बेसवर आजही तीच आहे. त्या ३४ इंचांची सुरुवात नटापासून होते. १९६० साली आलेल्या जॅझ बेसवर हा नट जेमतेम दीड इंच रुंद. माझ्याकडच्या स्वस्तातल्या बेसवरही तेवढाच. पण त्या दीड इंचाने जेवढी कटकट केली, तेवढी उरलेल्या अख्ख्या वाद्याने केली नाही.

खरं म्हणजे नटाची ड्यूटी तार मोकळी वाजते तोवरच. मानेवरच्या कुठल्याही फ्रेटवर, म्हणजे धातूच्या आडव्या पट्टीवर, बोट दाबलं की त्याला सुट्टी, तारेची लांबी तिथून मोजली जाते. त्यामुळे निदान सोपं आहे. मोकळी तार खरखरते आणि दाबलेली साफ वाजते, तर खाच फार खोल. दाबल्यावरही खरखर राहिली, तर नटाच्या नावाने बोटं मोडू नका, दुखणं दुसरीकडे आहे. आणि मोकळी तार सुरात, पण पहिल्या फ्रेटवरचा स्वर चढा लागत असेल, तर खाच उथळ. तार उंच राहते, दाबताना जास्त ताणली जाते, आणि ताणली की चढते. हे कळायला एक ट्यूनर पुरतो. पण मोहन्यात यंत्राला विचारायची पद्धत नाही. माणसांना विचारतात.

माणसं तयारच असतात. माझ्या बेसची सर्वांत जाड तार, म्हणजे ई, मोकळी वाजवली की खरखरायला लागली, तेव्हा समोरच्या काकींनी वाद्याची दृष्ट काढायला सांगितली. बेंजो पार्टीतल्या दादाने तार न बघताच निकाल दिला, "तार बेकार आहे, बदल." बदलली. नवी तार जुन्याच निष्ठेने खरखरली. मग सुतारकाम करणारे अण्णा आले. खाचेवर अंगठा फिरवून म्हणाले, "सूतभर खाली घेऊ का?" सुताराचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून थोडं जास्तच. इथे मोकळी तार पहिल्या फ्रेटच्या वर असायला हवी जेमतेम अर्धा मिलिमीटर! शिवाय खरखर होती ती खाच खोल झाल्यामुळे, आणि अण्णा तिच्यावर उपाय म्हणून ती आणखी खोल करणार होते. मी त्यांना चहा पाजला आणि तेवढ्यात कानस उशीखाली सरकवली.

खरं निदान केलं ते मोहन्याच्या एनआरसी कारखान्यात फिटर राहिलेल्या काकांनी. कारखाना २००९ साली बंद पडला, पण काकांच्या ट्रंकेतलं बारीक फट मोजायचं फिलर गेज अजून ड्यूटीवर आहे. काकांनी आयुष्यात कधी गिटार हातात घेतलेली नव्हती, आणि हीच त्यांची सर्वांत मोठी पात्रता. "मत नंतर, आधी माप," ते म्हणाले. मी रीत सांगितली: तिसऱ्या फ्रेटवर तार दाबायची आणि पहिल्या फ्रेटच्या डोक्यावर किती फट उरते ते बघायचं. पातळ कागद सरकेल एवढी फट हवी. काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, गेजचं सर्वांत पातळ पान उलगडलं, ०.०५ मिलिमीटरचं, आणि श्वास रोखून तारेखाली सरकवायला गेले. पान शिरेना. पुन्हा प्रयत्न. शिरेना. "टेकलंय," काकांनी जाहीर केलं, "प्ले शून्य."

खाचेत आणखी एक दोष होता. तिचा पुढचा, म्हणजे फ्रेटांकडचा काठ झिजला होता. तार तिथून स्वच्छ सुटत नव्हती, काठाला हलकेच घासत होती, आणि खरखरीत सतारीसारखी झणझण मिसळत होती. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर हीच झणझण, म्हणजे जवारी, आणण्यासाठी कानस घेऊन तासन्‌तास बसतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. माझ्या नटातून जवारी फुकट निघत होती, तर मांडवातली मंडळी म्हणत होती, "स्पीकर फाटलाय." कल्याण गायन समाजाच्या देवगंधर्व महोत्सवात तंबोरे लावले जातात, तेव्हा श्रोते डोळे मिटून बसतात. हळदीत मी तार लावायला घेतली की मागून आवाज येतो, "दादा, गाणं चालू करा ना!"

दुरुस्ती मात्र स्वयंपाकघरातून झाली. खाचेत खायच्या सोड्याची चिमूट, वर फेविक्विकचा एक थेंब. भजी फुगवणारा सोडा क्षणात दगड होतो. हा उपाय तात्पुरता, जाड तारेखाली भरण झिजतं आणि कधीतरी हाडाचा नवा नट बसवावाच लागतो. पण सीझन निघतो. भरलेली खाच पुन्हा कोरायला सोनाराकडची बारीक गोल कानस कामी येते. नेहमीच्या संचात तारा ०.०४५ ते ०.१०५ इंच जाडीच्या असतात, तेव्हा प्रत्येक खाच आपापल्या तारेच्या मापाची हवी. तळ गोल, उतार खुंट्यांकडे, सर्वांत उंच जागा फ्रेटांकडच्या काठावर, आणि तार निम्मी खाचेत, निम्मी बाहेर. काकांनी शिस्त घालून दिली: कानशीचे दोन हात, मग तार चढवून माप, मग पुन्हा दोन हात. मध्येच अण्णा डोकावले, "अजून तेवढंच?" काकांनी त्यांना गेज दाखवलं. अण्णा सूत खिशात घालून गेले.

बाकी देखभाल सोपी आहे. तारा बदलताना खाचेतला मळ जुन्या टूथब्रशने काढायचा. खुंटी पिळताना 'टुक' असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल, तर तार खाचेत अडकते आहे. तिथे मऊ शिशाची पेन्सिल, ४बी किंवा ६बी, घासली की ग्राफाइटवरून तार सरकते. जाड तारांचा संच घ्यायचा असेल, तर खाचा रुंद कराव्या लागतील हे दुकानात पैसे देण्याआधी आठवावं. आणि पावसाळ्यात नटावर आरोपपत्र ठेवण्याआधी मान तपासावी. उल्हास नदी आमच्या उशाशी, हवा चार महिने ओली. लाकूड ओल पितं, मान वाकते, तारांची उंची बदलते आणि बदनाम होतो नट.

एवढं सगळं पाहून माझं मत पक्कं झालं आहे. नटाची देखभाल म्हणजे मुख्यतः हात आवरणं. उंच राहिलेली खाच उद्याही खाली घेता येते, खाली गेलेली वर आणायला सोडा लागतो. म्हणून बेस वाजवणाऱ्यांनो, आधी ट्यूनर, मग मानेची तपासणी, मग फिलर गेज आणि सर्वांत शेवटी कानस. घरात सल्लागार आले असतील तर कानस अजिबात बाहेर काढू नका.