पत्रिकेची पाठ

पुण्याच्या पेठांतला वाडामालक ओळखायला वाड्यापर्यंत जावं लागत नाही. लग्नपत्रिका हातात पडताच जो वधूवरांची नावं वाचण्याआधी तिची पाठ कोरी आहे का ते बघतो, तो मालक. त्या पाठीवर पेन्सिलीने चौकोन पडतात: खाली तीन दुकानं, वर आठ भाडेकरू, त्यावर विकायचे सहा फ्लॅट. (हल्ली आमंत्रणं व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, त्याने याच्या नियोजनाचं फार नुकसान झालंय.) लोक त्याला धरसोड्या म्हणतात. माझ्या मते वाडा पाडायचा की नाही हे वीस वर्षं न ठरवणारा हा गल्लीतला सर्वांत व्यवहारी माणूस आहे.

पुरावा त्याच्या पावतीपुस्तकात आहे. १९४७ च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली. चक्रवाढ धरली तरी चाळीस रुपयांच्या खोलीचे पंचवीस वर्षांत एकशे सात होतात. तेवढ्यात गवंडी फुटकी कौलं मोजायलाही शिडी चढत नाही. मग पाडा की, असं शहाणे म्हणतात. पण पत्रिकेच्या पाठीवर आधी भाडेकरूंच्या खोल्या येतात, मग बिल्डरचा वाटा, जिना, लिफ्ट, पार्किंग. बोळ अरुंद म्हणून एफएसआय आखडता, आणि रस्तारुंदीची रेघ नेमकी दुकानांवरून. प्रॉपर्टी कार्डावर पाच वारस, त्यातला एक अमेरिकेत. मालकाला उरतो तो पत्रिकेचा कोपरा, जिथे पलीकडचं ‘कृपया आहेर आणू नये’ उलटं उमटलेलं असतं.

तो हावरट आहे, हा आक्षेप टिकत नाही. हाव असती तर पहिल्याच बिल्डरच्या पेढ्यांवर सही झाली असती. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे: पावसाळ्यात भिंत बसली तर? याला त्याच्याकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नाही. टेकू आहेत, आणि महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आहे. नोटिशीची पाठही कोरीच असते.

आज एक तारखेला कोपऱ्यातल्या खोलीतल्या काकू एकशे सात रुपये मोजून देतात. तो वाड्याच्या ओट्यावर बसून बोट ओलं करून पावती फाडतो, त्यांच्या गुडघ्याची चौकशी करतो. नव्या इमारतीत तो ‘चारशे दोन’ होणार. मेंटेनन्सची पावती तो घेणार, फाडणार दुसराच. त्याचे आराखडे नीट पाहिले, तर चौथ्या मजल्यावर, लिफ्टच्या दारासमोर, एक ओटा काढलेला सापडतो.