संत्र्यांच्या गावात कडू स्प्रे

2023 मध्ये आमचं संत्र्यांचं गाव सौंसर छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्ह्यात गेलं. वायर चावणाऱ्या मांजराच्या पिल्लाला त्याचं काय! तीन ते सहा महिन्यांच्या वयात दुधाचे दात पडतात, हिरड्या शिवशिवतात आणि कूलरची वायर गोड लागते. तिच्यात 230 व्होल्ट असतात. अर्थात वीज असली तर.

आपले उपाय ठरलेले: शुक शुक करायचं, चिकटपट्टी गुंडाळायची, बाकी भार जामसावळीच्या मारुतीवर. मांजरांना संत्र्याच्या सालीचा वास सहसा आवडत नाही, पण घरापाशी संत्र्याचा बगीचा असून आम्ही वायरवर मारायला कडू स्प्रे ऑनलाइन मागवतो.

सालीच्याही भरवशावर राहू नका. वायर केसिंग पट्टीत घाला, काम झालं की प्लग काढा. रांगतं पोर घरात असेल तर आजच.