पाणी न विचारलेली पाहुणी

शिवनेरीच्या पायऱ्या चढणारी माणसं वर बघत चढतात. वर शिवजन्मस्थान आहे आणि तिथं पोचल्यावर काढायचा फोटो आहे. वनस्पतीशास्त्र शिकवण्यात जन्म घालवलेला आमचा एक मित्र मात्र दर दहा पायऱ्यांनी थांबे, दुर्बीण डोळ्याला लावे आणि कड्याकडे तोंड करून उभा राही. मागून येणाऱ्यांना वाटे, गृहस्थांना धाप लागलीय. कुणीतरी हळूच पाण्याची बाटली पुढे करी. धाप मला लागली होती. तो शिंदळ माकुडी शोधत होता.

हे नाव मी घरी पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा आईनं शेंगा सोलता सोलता माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढचं वाक्य गिळलं. ‘शिंदळ’ हा काही चारचौघांत घ्यायचा शब्द नव्हे. म्हणूनच बहुधा समारंभासाठी तिला ‘शिवसुमन’ असंही नाव आहे. घरात बबडी म्हणतात आणि पत्रिकेत सौभाग्यकांक्षिणी छापतात, तसं. तिसरं नाव सरकारदरबारचं, फ्रेरिया इंडिका. निकोल डाल्झेल या वनस्पतीशास्त्रज्ञानं ते ठेवलं, मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या गौरवासाठी. फ्रिअरसाहेब १८६२ ते १८६७ गव्हर्नर होते. त्यांच्याच अमदानीत मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या. पुढे एका कारंज्याला त्यांचं नाव द्यायचं घाटत होतं म्हणतात, पण आयत्या वेळी ते फुलांच्या देवीला, फ्लोराला, गेलं. साहेबांचं कारंजं फुलांनी नेलं आणि एका फुलानं त्यांची भरपाई केली. ज्यांच्या काळात एक कोट जमीनदोस्त झाला, त्यांचं नाव दुसऱ्या किल्ल्याच्या कड्याला जे चिकटलं, ते आजही कुणाला खरवडता आलेलं नाही. इतिहास कधीकधी खोडकर आजोबांसारखा वागतो. एका मुठीतली गोळी दुसऱ्या मुठीत काढून दाखवतो.

हा कडा म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर ओतत निवलेला लाव्हा, आपला काळा पाषाण. पावसाळ्यात त्यावरून पाणी धो धो कोसळतं आणि घटकाभरात काहीच घडलं नसल्यासारखं निघून जातं. एक तारखेला पगार घेऊन दोन तारखेला मोकळ्या होणाऱ्या माणसासारखा हा दगड. चार महिने पावसात आणि आठ महिने वाळवंटात, तेही जागा न बदलता, असं तिथं राहावं लागतं. शिंदळ माकुडीनं हा संसार बोटाएवढ्या जाड, रसाळ, हिरव्या खोडावर निभावून नेला आहे. फटीतल्या चिमूटभर मातीत मूळ रोवायचं, पाऊस आला की पानं काढायची, पाऊस सरला की ती टाकून द्यायची आणि खोडातल्या शिलकीवर उन्हाळा काढायचा. शिवनेरी, पुरंदर, वज्रगड, रंध्याचा धबधबा... अशा मोजक्याच ठिकाणी तिची बिऱ्हाडं आहेत. घरमालक सगळीकडे एकच, काळा आणि कोरडा.

या पानांनीच तिला मोठेपण आणलं. तिच्या नात्यातल्या इतरांना डोळ्यांत भरतील अशी पानं नसतात; हिला मात्र होती. तेवढ्यावरून शास्त्रज्ञांनी तिला स्वतंत्र कुळी दिली, तीत ती एकटीच. शंभरावर वर्षं तिनं तो एकांडा थाट सांभाळला. अलीकडे नव्यानं नाती तपासली गेली आणि अनेकांनी तिला ‘बूसेरोशिया’ नावाच्या मोठ्या खटल्यात नेऊन बसवलं. म्हातारपणी स्वतःचा ब्लॉक सोडून एकत्र कुटुंबात राहायला जाण्याचं दुःख मी जवळून पाहिलेलं आहे, म्हणून हे वाचलं तेव्हा मला उगाचच वाईट वाटलं. तिला कुणी विचारलं नसणार.

मित्रानं एकदा बागेत वाढवलेल्या रोपाची बोटभर फांदी मला आणून दिली. (कड्यावरची तोडायची नाही, हे त्यानं मला तीनदा बजावलं, जगातल्या अतिसंकटग्रस्त वनस्पतींत जिची गणना झाली ती फांदीवरून इतकी सहज रुजते, हेही एक नवलच.) “फक्त पाणी घालू नकोस,” तो म्हणाला. आता घरी आलेल्याला आधी पाणी विचारायचं, हे आमच्या हाडीमाशी मुरलेलं. गॅलरीत गेलो की ती तहानलेली दिसे. मी चूळभर पाणी घाली, आणि मग मला न सांगता बायको चूळभर घाली. तिसऱ्या आठवड्यात ती बुडाशी मऊ पडली आणि जास्त पिकलेल्या केळ्यासारखी हातात आली. आमच्या आदरातिथ्यानं मेलेली ही पहिलीच पाहुणी.

दुसरी फांदी मी नारायणगावच्या आत्याकडे ठेवली. आत्यानं ती फुटक्या कुंडीत, खडीत खोचली, कठड्यावर ठेवली आणि विसरून गेली. पुढच्या भाद्रपदात गेलो तर फूल आलेलं. रुपयाच्या नाण्याहून थोडं लहान, पाच पाकळ्यांची चांदणी, वाळलेल्या आमसुलाच्या रंगाची, वर पिवळे ठिपके, कडेला बारीक केसांची झालर. वास घ्यायला वाकलो आणि लगेच सरळ झालो. तो वास माणसांसाठी नव्हताच. माशी येते, फुलाच्या खाचेत अडकते, धडपडून सुटते, तेव्हा परागांची बांधलेली पुरचुंडी घेऊनच सुटते. मग शिंगांसारखी शेंग, आणि शेंग उकलली की रुईच्या म्हाताऱ्यांसारख्या रेशमी केसांच्या बिया वाऱ्यावर.

आत्याचं सारं आयुष्य माश्या हाकलण्यात गेलेलं. वर्तमानपत्राची सुरळी कायम तिच्या हाताशी. मी फुलाकडे बघत असतानाच एक माशी आली, पाकळीवर बसली आणि पुढचे पाय चोळू लागली. सवयीनं माझा हात उठला. आत्यानं तो सुरळीनंच खाली दाबला.

“असू दे रे. तिच्याकडे आलीय.”

मग थोडं थांबून तिनं विचारलं, “नाव काय म्हणालास हिचं?”

मी शिवसुमन म्हणालो. तिनं मान हलवली. “ते नाही. दुसरं.”

मी इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून सांगितलं. ऐंशी वर्षांची आत्या तोंडाला पदर लावून हसत सुटली. माशी मात्र उडाली नाही.