प्रोसेसर बदलावा की न बदलावा

जुन्या डेस्कटॉपचा प्रोसेसर बदलण्याची उबळ १४ ऑक्टोबर २०२५ नंतर वाढली. त्या दिवशी ‘विंडोज १०’चा नियमित आधार संपला आणि धडधाकट यंत्रे एका रात्रीत म्हातारी ठरली. इंटेलच्या सातव्या पिढीचा आय-थ्री काढून तिथे आय-सेव्हन ७७०० बसवता येतो. पण ‘विंडोज ११’च्या यादीत दोघेही नाहीत. यादीत आहे आठवी पिढी. तिच्या सॉकेटचे नाव तेच, एलजीए ११५१, तरी मदरबोर्ड नवाच लागतो. आडनाव जुळले म्हणजे भाऊबंद होत नाहीत, हे गावाकडे सर्वांना ठाऊक असते. इंटेलने ते मदरबोर्ड विकून शिकवले.

शिवाय ऑनलाइन सातबारा उघडताना पडद्यावर फिरणारे चक्र बहुधा सर्व्हरचे किंवा नेटचे असते. प्रोसेसर तेव्हा निवांत बसलेला असतो. उरलेला संथपणा जुन्या हार्डडिस्कचा, पंख्यातल्या धुळीचा आणि वाळलेल्या थर्मल पेस्टचा. त्यावर उपाय एसएसडी आणि ब्रश. पण ब्रश मिरवता येत नाही.

लग्नांचे व्हिडिओ जुळवणाऱ्या स्टुडिओला मात्र जादा कोअर खरोखर लागतात. तिथे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा वापरलेला आय-सेव्हन चालतो. बायोस त्याला ओळखते का, एवढे आधी पाहावे.